तांबडा मिनेनोजो

केस कोरावेत तर आमच्या याइचीनं. नटाच्या कपाळावरचा एकेक केस तो चेरीच्या फळीवर असा कोरायचा, की त्या फळीवरून चित्रं छापताना मी श्वास रोखून बसायचो. बायकोवर, ओसेईवर, त्याचा फार जीव. पण तिचा जीव मिनेनोजो या स्त्रीपार्टी नटावर. "माझी सवत नाटकात काम करते," असं याइची चारचौघांत सांगायचा.

त्या वर्षी ओसेईनं छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. थंडीत नाटकं सुरू झाली की मला पाठीवर घेऊन चला, मिनेनोजोला बघायचंय, एवढ्याच आशेवर ती पेज घशाखाली उतरवत होती. आणि मेला मिनेनोजोच आधी गेला!

नट गेला की आमच्या एदो शहरात लगेच त्याचं मरणचित्र छापून निघतं. अंगात मरणाचा फिकट निळा पोशाख, हातात जपमाळ, बाजूला मरणाची तिथी. कोरायचं काम याइचीकडेच आलं. कागदी पडद्याआड ओसेई निजलेली. पटाशीच्या आवाजावरूनच तिनं ओळखलं, केस चाललेत. कुणाचे, म्हणून विचारलं. मिनेनोजोचे, नव्या नाटकातले, असं यानं ठोकून दिलं. पोशाख कुठल्या रंगाचा, म्हणाली. गडबडून हा म्हणाला, तांबडा.

मग आला माझं डोकं खायला. एक प्रत तांबड्यात काढ, तिथीला शाई लावू नकोस. मी भडकलोच. मरणचित्र तांबडं? लोक जोड्यानं मारतील मला!

"तोराजी, थंडीपर्यंत जगू दे रे तिला," तो म्हणाला.

मी तांबडा रंग घोटायला घेतला.

ओसेईनं चित्र मांडीवर घेतलं, बराच वेळ बघत राहिली. मग नवऱ्याला चहा आणायला पिटाळलं.

"भावजी, एवढ्या भडक पोशाखात हातात जपमाळ कशाला हो?"

रंग बदलला, तिथी गाळली, पण जपमाळ दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. ओसेईनं डोळे पुसले, पदर नीट करावा तशी बाही सारखी केली.

"यांना सांगू नका. जन्मात पहिल्यांदा खोटं बोललेत माझ्याशी, तेही धड जमलं नाही."

याइची चहा घेऊन आला. तिनं त्याला विचारलं, "थंडीत नेणार ना मला, बघायला?"

"नेतो की."

"मग ती पेज द्या इकडे."

आणि एरवी दोन घोटांत तोंड फिरवणाऱ्या त्या बाईनं, त्याच्याकडे बघत बघत, अख्खी वाटी संपवली.