खाली पाहिलं की अंधार

उंच क्रेनच्या चालकाला बांधकामावर सगळे ‘वरचा’ म्हणतात. त्याचं नाव हजेरीपुरतं. सिमेंट वर कधी चढणार असं कुणी विचारलं की खालचे लोक आभाळाकडे बोट करतात, “वरच्याची मर्जी.” हा विनोद इतका जुना झालाय की आता कुणी हसत नाही, पण सोडतही नाही.

त्याची मान पुढे झुकलेली आहे. केबिनच्या तळाला काच असते आणि त्या काचेतून, दोन गुडघ्यांच्या मधून, दिवसभर खाली बघत माल उतरवायचा असतो. हनुवटी छातीला टेकल्याशिवाय हुक दिसत नाही. घरी जेवतानाही तो तसाच बसतो. बायको म्हणते, “अहो, ताट कुठे जात नाही. मी समोर बसलेय, मधूनमधून इकडेही बघा.”

या वर्षीपासून परवान्याचं नूतनीकरण करायचं तर आधी प्रशिक्षण केंद्रात खोटी क्रेन चालवून दाखवावी लागते. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन दांडे हातात घ्यायचे आणि समोर दिसणारी पेटी उचलून खाली आखलेल्या चौकोनात ठेवायची. कामगार त्या हेडसेटला झापड म्हणतात. तीन संधी मिळतात. तिन्ही हुकल्या की सहा महिने क्रेन बंद, जमिनीवरचं काम. जमिनीवर म्हणजे हुकवाल्याच्या हाताखाली. हुकवाला हा वरच्याचा जुना जोडीदार, खाली साखळ्या अडकवून वॉकीटॉकीवर इशारे देणारा. त्या दिवशी तो सोबत आला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, धीर द्यायला.

पहिल्या संधीत वरच्याने पेटी झकास उचलली, फिरवली, चौकोनावर आणली. उतरवायला म्हणून खाली पाहिलं आणि डोळ्यांपुढे अंधार.

“दिसत नाही काही,” तो म्हणाला.

प्रशिक्षिकेने टेबलावरच्या संगणकात पाहिलं. तिथे लाल अक्षरं आली होती : चालकाने जागा सोडली.

“काका, तुम्ही काढलात का हेडसेट?”

“हात दांड्यांवर आहेत माझे. कशाने काढू?”

तिने हेडसेट स्वतःच्या डोळ्यांवर लावला, समोर पाहिलं. चित्र स्वच्छ होतं. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, यंत्र बंद करून चालू केलं, भिंगं फडक्याने पुसली. दुसरी संधी. पेटी चौकोनावर आली, वरच्याने खाली पाहिलं, पुन्हा अंधार, पुन्हा तीच लाल अक्षरं.

“तुझ्याशीच वाकडं आहे त्याचं,” हुकवाला म्हणाला.

“तू गप्प बस.”

कपाटातून दुसरा हेडसेट आला. परीक्षा सुरू न करता नुसता सराव लावला, तरी तेच. प्रशिक्षिकेने हेडसेटवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, हीच चूक झाली.

“मॅडम, एकदा बंद करून चालू करा.”

“केलं.”

“केबल बदलून बघा.”

“अख्खा हेडसेट बदलला.”

पलीकडे टायपिंगचा आवाज. मग, “तुम्ही लावल्यावर चालतोय म्हणता ना? मग वापरणाऱ्याकडूनच काहीतरी होतंय.”

वरचा उठून खिडकीपाशी गेला. बाहेर दाराशी पुढचे उमेदवार ताटकळत होते आणि त्यातला एक उघड्या दारातून आत डोकावून बघत होता. “मी घरी जातो,” वरचा म्हणाला. “यांची वस्तू बिघडलेली आणि खापर माझ्यावर.”

“उठून गेलात तर तिसरी संधीही गेली,” प्रशिक्षिका म्हणाली. तिचाही आवाज चढला होता. “बसा. आणखी एकदा सराव करू.”

तो बसला. प्रशिक्षिका पुन्हा संगणकाकडे बघू लागली, सकाळपासून तिथेच बघत होती. वरचा वाकला तेव्हा हुकवाला मागून म्हणाला, “अरे, एवढा वाकतोस? इतकी वर्षं मला वाटायचं, वर राजासारखा टेकून बसतोस.”

प्रशिक्षिकेने मान वळवली आणि पहिल्यांदाच पडद्याऐवजी माणसाकडे पाहिलं. हनुवटी छातीला टेकलेली, आणि हेडसेट स्वतःच्या वजनाने पुढे लोंबत होता. कपाळ आणि त्याच्यामध्ये बोटभर फट.

तिने हेडसेट उलटा करून दाखवला. दोन भिंगांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. “समोर कपाळ आहे की नाही, एवढंच हा बघतो. कपाळ लांब गेलं की त्याला वाटतं, माणसाने काढून ठेवलं. मग पडदा बंद.”

“बाकीच्यांचा का नाही होत?”

“ते एवढे वाकत नाहीत. नुसती नजर खाली करतात.”

हुकवाल्याने खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. “ठिपक्यावर पट्टी मारा. कपाळच समजेल तो.”

“मग उद्या कुणी खरंच उठून गेला तरी कळणार नाही. परीक्षेत चालत नाही ते.”

राहिला पट्टा. हुकवाल्याने डोक्यामागून तो शेवटपर्यंत आवळला.

“माल बांधतोयस का?”

“माल कटकट करत नाही,” हुकवाला म्हणाला आणि आणखी एक ओढ दिली.

तिसऱ्या संधीला वरचा वाकला. चित्र राहिलं. पेटी चौकोनाच्या मधोमध टेकली. हेडसेट काढला तेव्हा कपाळावर लाल वळ होता.

निकालाचा कागद छापून आला. उत्तीर्ण. त्याखाली दोन ओळी, दोन्ही सारख्याच : चालकाने जागा सोडली.

“हे काढा,” वरचा म्हणाला.

“ते यंत्र लिहितं, काका. मला पुसता येत नाही. पास झालात ना?”

“माल लटकत असताना मी पाणी प्यायलाही उठलेलो नाही. वाऱ्याने क्रेन हलत होती तेव्हाही नाही.”

“मला मान्य आहे. पण शेरा लिहायला जागाच दिलेली नाही यात.”

त्याने पेन उचललं नाही. सहीशिवाय परवाना नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

“सही कर,” हुकवाला म्हणाला. “नाहीतर उद्यापासून मला साहेब म्हणावं लागेल.”

त्याने सही केली, तीही कागदाकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी गजांचा पहिला भारा ट्रकवरून उचलला गेला. वॉकीटॉकी खरखरली. “वरच्या, जागेवर आहेस ना?”

भारा हळूहळू उतरला आणि हुकवाल्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर टेकला. मग आवाज आला, “साखळी सोड. आणि हे पुन्हा विचारू नकोस.”

दुपारपर्यंत खालच्या सगळ्यांचं ते विचारून झालं होतं.