बंदुकीची आंघोळ

बारवाले चाचा बंदुकीत काडतूस भरण्याआधी चूल पेटवत. तीन दगड मांडायचे, काळी किटली चढवायची, पाणी खळखळ उकळू द्यायचं आणि मगच बंदूक खांद्याला लावायची. बार झाला की काय पडलं ते बघायला बाकीचे लोक पुढं धावत. चाचा मागं, किटलीकडं धावत.

मी बेंबळीच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. चाचा निजामाच्या फौजेत हत्यारं सांभाळायला होते. फौज मोडली, सामानाचा लिलाव झाला, तेव्हा कुणी तंबू घेतले, कुणी घोंगड्या घेतल्या, एकानं तर बिगुल घेतला. चाचांनी पोतंभर काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणि डबाभर जुन्या टोप्या घेतल्या. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसते ती. घोडा तिच्यावर आदळला की ठिणगी पडते. या फौजी टोप्यांना एक खोड होती. त्या उडाल्या की नळीत खार सोडत, आणि घटकाभरात नळीला लाल गंज धरे. हा खार तेलानं निघत नाही, कढत पाण्यानंच निघतो, म्हणून बार झाला की चाचा किटली नळीत ओतत.

"बंदूक कुनीबी उडवतंय, मास्तर," चाचा म्हणत. "उडवल्यावर काय करतो, त्यावर मानूस वळखावा."

दर शुक्रवारी नमाज पढून आले की ते ओसरीवर काडतुसं भरायला बसत. एकेक पुंगळी दहा-दहा वेळा भरलेली. जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू घालायची, वर कागदाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. बोळ्यांसाठी त्यांना माझ्याकडचे तपासलेले पेपर लागत. "गणिताचे द्या. नापासाचे असले तर लई बेस. शाई कमी लागलेली असती, बोळा कसा घट्ट बसतो." त्या वर्षी चौथीचा जवळजवळ अख्खा वर्ग मी बेंबळीच्या आभाळात उडताना पाहिला. त्यातही टोप्या जुन्या, त्यामुळं पाचांतले तीन बार फुसके जात. फुसक्या बारानंतरही आंघोळ व्हायचीच. चाची आतून म्हणत, "माज्या बाळंतपनालाबी एवडं पानी तापलं न्हवतं."

परवाना शेतरक्षणाचा होता. हरभरा घाट्यावर आला की शेतकरी चाचांना रान राखायला बोलवत. चाचा बांधावर चूल मांडत. त्या धुरानं आणि किटलीच्या झाकणाच्या खडखडाटानं डुकरं लांबूनच माघारी वळत. माझ्या माहितीत चाचांनी एकही डुक्कर मारलं नाही, आणि त्यांनी राखलेल्या रानात एकही डुक्कर शिरलं नाही. "मग बंदूक कशाला? नुसती किटली न्या की," असं मी एकदा म्हणालो. त्या शुक्रवारी चाचांनी माझ्याकडचे पेपर घेतले नाहीत.

मग हुकूम आला. सगळ्या परवानेवाल्यांनी बंदुका उस्मानाबादला ठाण्यावर आणायच्या आणि फौजदारासमोर एक बार काढायचा. जिचा बार होणार नाही ती जमा. चाचांचा जीव टांगणीला लागला. बंदूक गेली तर बारवाले चाचा कसले उरणार? त्यांनी डब्यातली सगळ्यात चांगली टोपी निवडली आणि बोळ्यासाठी माझ्याकडून पहिल्या नंबराचा पेपर मागून घेतला. आम्ही एसटीनं निघालो. सोबत बंदूक, किटली आणि चुलीचे तीन दगड. कंडक्टर म्हणाला, "उस्मानाबादेत दगड न्हाईत व्हय?"

"हायत की. पन हे वळखीचे हायत," चाचा म्हणाले.

ठाण्याच्या आवारात कडब्याची मोठी गंजी होती. चाचांनी तिच्याजवळ दगड मांडले तसा फौजदार ओरडला, "चाचा, इथं बंदूक उडवायला परवानगी आहे. चूल पेटवायला नाही!"

"मग बार न्हाय व्हायचा, साहेब. आदी पानी."

मागं चाळीसेक माणसं बंदुका घेऊन उभी होती. फौजदारानं दहा मिनिटं दिली. मी धावत समोरच्या हॉटेलात गेलो. उन्हाळ्याचे दिवस, पाण्याची टंचाई. हॉटेलवाला म्हणाला, पाणी नाही, उकळता चहा आहे. मी तोच घेऊन आलो. चाचांनी वास घेतला.

"साकर हाय?"

"आहे."

"मग न्हाय. नळीला मुंग्या लागत्यात."

"चाचा, पाया पडतो, एकदा उडवा. गंजली तर गंजली!"

चाचांनी नळीवरून हात फिरवला. "जाऊ द्या, मास्तर. गेली तर गेली. पन माज्या हातानं गंजून न्हाय जानार."

फौजदारानं 'बिनकामी' असा शेरा मारून बंदूक जमा केली. मला चाचांचा राग आला होता आणि त्यांच्याइतका मोठा माणूस मी पाहिलेला नाही असंही वाटत होतं. परतताना तिन्ही दगड त्यांनी मांडीवर घेतले होते.

पुढच्या शुक्रवारी ते किटली आणि मला घेऊन पुन्हा ठाण्यावर. जप्तीची हत्यारं ठेवायच्या खोलीवर एक म्हातारा हवालदार होता. तो म्हणाला, "उडवलीच न्हाई, तर धुवायची कशाला?"

"मागल्या बाराचा खार ऱ्हायला असंल तर?"

हवालदारानं बंदूक बाहेर काढली. त्याचं घर ठाण्याच्या मागंच होतं. तिथल्या चुलीवर पाणी तापलं. ती चूल जप्तीच्या दिवशीही तिथंच होती, पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यानंतर चाचांनी एक शुक्रवार चुकवला नाही.

माझी बदली येरमाळ्याला झाली. तीन वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं, म्हणून चाचींना भेटायला गेलो. चाचींनी किटली माझ्या हातात दिली. "ह्यातलं पानी घरात कुनी पीत न्हाय. तुमीच न्या."

मी ती थेट ठाण्यावर नेली. शुक्रवारच होता. हवालदार म्हणाला, "उशीर केलात, मास्तर. आमचं आटपलं." त्यानं खोली उघडली. भिंतीला पंधरा-वीस बंदुका टेकलेल्या, सगळ्या गंजून लाल. एक तेवढी लखलखत होती, आणि अजून कोमट होती.

मी ती उचलून नळीला डोळा लावला. चाचा मला तसंच बघायला लावत. पलीकडं खिडकीतला उजेड स्वच्छ गोल दिसत होता. मग तो दिसेनासा झाला.

हवालदारानं हळूच माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं नळीचं तोंड पुसलं.

"जरा लांब धरायची, मास्तर," तो म्हणाला. "डोळ्याचं पानीबी खारंच असतंय."