सोपं की खूप सोपं

आडवं बोलणाऱ्या मुलीला बँक दारातसुद्धा उभं करणार नाही, असं आईचं भाकीत होतं. बँकेने तिला सगळ्या उन्हाळ्यासाठी ठेवून घेतलं. आई म्हणाली, "त्यांनी अजून तुझं तोंड ऐकलेलं नाही."

नात्यात सगळे तिला वकीलीणबाई म्हणत. शिकत होती हिशेब, पण खोड वकिलाची. लहानपणी मामाने लाडात येऊन विचारलं होतं, "तुला आई आवडते की बाबा?" त्यावर ही म्हणाली, "मामा, तुम्हाला आमच्यातलं कोण आवडत नाही ते आधी सांगा." मामाने पुन्हा त्या घरात तो प्रश्न काढला नाही.

बँकेचं मुख्य कार्यालय म्हणजे मान दुखेपर्यंत उंच इमारत. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. नोकरीतल्या माणसांच्या ओळखपत्राची पट्टी निळी, इंटर्न पोरांची पिवळी. गळ्यात पिवळी पट्टी असली की लिफ्टमधली माणसं तुमच्या डोक्यावरून बोलत. ग्राहक विभागात अशा पिवळ्या पट्ट्या दोन. एक ही, आणि दुसरा तिच्याच वर्गातला, ज्याला कॉलेजात होयबा म्हणत. मुलगा वाईट नव्हता. समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की त्याला घाम फुटे, एवढंच. शिक्षण संपल्यावर दोघांतल्या एकाला इथेच नोकरी मिळणार होती. तिला ती हवी होती, अगदी मनापासून. आईने शिवणाच्या दुकानात वाकून वाकून पाठ घालवली होती आणि आता कुणीतरी ताठ बसून कमवावं, असं त्या घराला वाटत होतं.

त्या विभागाची रीत मजेदार होती. अहवालाचं शेवटचं पान आधी तयार होई. आधी कळस, मग पाया. विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी दोघांना ते पान दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, ग्राहक नव्या यंत्रावर खूश आहेत, तेव्हा काउंटर बंद करायला हरकत नाही.

"आता याच्या आधीची पानं तुम्ही भरायची," मॅडम म्हणाल्या.

"आणि ग्राहक खूश नसले तर?" वकीलीणबाईंनी विचारलं.

मॅडम हसल्या. "प्रश्न वाच, मग कळेल."

टॅब्लेटवर प्रश्न एकच होता. 'यंत्र वापरायला कसं वाटलं?' खाली दोन बटणं. सोपं. खूप सोपं.

दोघं शाखेत उभी राहिली. यंत्र दिसायला देखणं होतं, अंगठा ठेवला की माणसाला ओळखून पैसे देणारं. एक गवंडी आला. त्याने अंगठा ठेवला, पुसून पुन्हा ठेवला, मग दुसऱ्या हाताचा ठेवला. सिमेंट कालवून कालवून अंगठ्यावरच्या रेषा कधीच्या गेल्या होत्या. शेवटी तो मुकाट्याने काउंटरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. होयबाने त्याला गाठलं.

"काका, सोपं वाटलं की खूप सोपं?"

"अरे, ते मला ओळखतच नाही," गवंडी म्हणाला. "आता काय वाटायचं ते तूच ठरव."

होयबाने 'सोपं' दाबलं. वकीलीणबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. तो माणूस समोर उभा असताना त्याच्या तोंडात आपला शब्द कोंबायचा, आणि वर त्याच्याच नावावर काउंटर बंद करायचा. कुणाच्याही घरी याला लबाडीच म्हणतात. तिने टॅब्लेट पिशवीत टाकला आणि त्या दिवसापासून लोकांना नुसतं विचारू लागली, "कुठे अडलं?" लोक भरभरून बोलले. एका आजींनी पिशवीतून चष्मा काढेपर्यंत पडदा परत पहिल्या पानावर जाई. खानावळीत भांडी घासणाऱ्या बाईची गत गवंड्यासारखीच. ज्यांना खरंच सोपं गेलं त्यांचंही तिने इमानाने टिपलं, आणि अहवालात एक नवा रकाना घातला. 'अडलं.'

"हा कुठून आला?" मॅडमनी विचारलं.

"लोकांच्या तोंडून."

"तो काढून टाक. हुशार आहेस, उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. तो मुलगा बघ, एका शब्दाने वाद घालत नाही."

घरी आईनेही तेच सुनावलं. "त्या बाईला हवं ते लिहून दे की. जीभ झडणार आहे का?"

"गिऱ्हाईक कपडा घालून बघतं तेव्हा तू त्याला 'छान बसलाय की खूप छान' असं विचारतेस? तू विचारतेस, कुठे आवळतंय."

"मी दुकानाची मालकीण आहे," आई दोरा तोडत म्हणाली. "तू उमेदवार आहेस." पण वकीलीणबाईंनी रकाना काढला नाही.

मोठ्या साहेबांपुढे अहवाल मांडायचा दिवस आला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना निळ्या पट्ट्या. हिच्या जिभेला कोण आवरणार.

"सुरुवातीला एक प्रश्न," ती म्हणाली. "आमचा अहवाल तुम्हाला आवडणार आहे की खूप आवडणार आहे?"

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमचा चेहरा उतरला. मग तिने गवंड्याचा अंगठा सांगितला, आजींचा चष्मा सांगितला, आणि शेवटी म्हणाली, "ही माणसं यंत्रावर नाखूश आहेत असंही मी म्हणत नाही. काउंटर आहे म्हणून ती अजून चिडलेली नाहीत." मोठे साहेब "बघू" म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

नोकरी होयबाला मिळाली. तिला फार लागलं. जिन्यात बसून ती रडली, मग तोंड धुऊन वर आली, कारण रडल्याचं त्या मजल्याला दिसू द्यायचं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सगळ्या विभागांतल्या पिवळ्या पट्ट्या प्रमाणपत्रासाठी रांगेत उभ्या होत्या. टेबलामागे एक जुना कारकून, केस याच इमारतीत पिकलेले. वकीलीणबाईंचा नंबर आला तसा त्याने टॅब्लेट पुढे केला. 'बँकेतला तुमचा अनुभव कसा होता?' खाली दोन बटणं. चांगला. खूप चांगला.

"तिसरं बटण कुठे आहे?" तिने विचारलं.

"नाहीये."

"मग मी दाबत नाही."

"त्याशिवाय प्रमाणपत्र छापलं जात नाही, बाळ. आणि ते नसेल तर कॉलेज तुला पास करणार नाही."

मागून होयबा कुजबुजला, "दाब ना. वाचतंय कोण?"

"कुणीच वाचत नसेल तर खोटं तरी कशाला दाबू?"

रांग चुळबुळायला लागली. "आण इकडे, मीच दाबतो," कारकून म्हणाला.

"दाबा," वकीलीणबाई म्हणाल्या. "फक्त माझा नको, तुमचा अनुभव सांगा. इतकी वर्षं इथे आहात."

कारकुनाने बोट उचललं. ते पडद्यावर आलं, डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं आणि मध्येच थांबलं. त्याला घाई नव्हती. मग त्याने टॅब्लेट पालथा ठेवला, खणातून बँकेचं नाव छापलेला कोरा कागद काढला आणि तिचं प्रमाणपत्र हाताने लिहायला घेतलं. सही करून, शिक्का मारून तिच्या हातात दिलं.

त्याने टॅब्लेट सुलटा करून पुढच्याकडे सरकवला. पुढचा होयबा होता. तो बराच वेळ त्या दोन बटणांकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"काका," तो म्हणाला, "मलाही हातानेच लिहून द्याल का?"