ज्योत्स्नाच्या प्रयोगशाळेतला कूलर

वर्ध्यात होळी झाली की कैलासला जेवायला फुरसत नसते. कूलरचं दुकान त्याचं. पंप बदलणं, टाकी घासणं, वाळ्याच्या ताट्या भरणं, सगळं स्वतः करणार. माणूस लाघवी. फक्त बायको कॉलेजात नेमकं काय करते, हे त्याला इतक्या वर्षांतही धड सांगता येत नसे. "पावडरीचा आंबटपणा मोजते," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

ज्योत्स्ना तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. म्हणजे तास मिळाला तर मॅडम, नाही मिळाला तर घरी. पीएच.डी. झाली तरच पक्क्या नोकरीची आशा होती. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये तिचे गाइड कोहळे सर निवृत्त होणार होते, आणि विद्यापीठानं वाढवून दिलेली मुदतही तेव्हाच संपत होती. त्यापुढे पुन्हा मुदत मिळायची नाही.

तिचा विषय होता झिर्कोनिया, गंधकाम्लात भिजवून भाजलेली पांढरी भुकटी. रासायनिक क्रिया घडवायला असली भुकटी वापरतात, आणि तिच्या पृष्ठभागावर आम्लता जितकी जास्त तितकी ती गुणाची. ती मोजायची रीत जुनी आणि जीव खाणारी. भुकटी भट्टीत तापवून ओलावा पार घालवायचा. गार झाली की तोलून कोरड्या बेंझीनमध्ये टाकायची आणि वर पिवळ्या रंगद्रव्याचे थेंब सोडायचे. भुकटी लाल होते. मग सडक्या मासळीसारखा वास मारणारं अमाइन थेंबाथेंबानं टाकत, तो लाल रंग जाईपर्यंत बसून राहायचं. जितकं अमाइन लागेल तितकी आम्लता. हा वास ज्योत्स्नाच्या ओढणीतून कधी गेला नाही. घरच्यांनी त्याबद्दल बोलणंसुद्धा सोडून दिलं होतं.

तिनं भुकटी बनवायची नवी रीत शोधली होती. या नव्या भुकटीची मोजणी थंडीत झाली आणि आकडे झकास आले. तुलनेसाठी जुन्या रीतीची भुकटी मोजायला मे महिना उजाडला. एकदा कैलास डबा घेऊन आला, तर बायको भट्टीशेजारी घामानं निथळत, डोकं धरून बसलेली.

"घरोघरी थंडी हवा पोचवून राह्यलो मी," तो म्हणाला, "अन् तू इथं भाजून राह्यली. मले नाई पाहवत."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीत त्याच्या हातचा कूलर बसला. सगळ्या विभागानं दुवा दिला. ज्योत्स्नाला तर रडू आलं. गार वाऱ्यात बसून तिनं जुनी भुकटी मोजली, आम्लता निम्म्यावर. नवी रीत जिंकली होती. त्याच निकालावर तिनं अख्खा प्रबंध रचला आणि एक लेख छापायला पाठवला.

लेखाच्या परीक्षकाचा एकच प्रश्न आला: दोन्ही भुकट्या एकाच दिवशी मोजल्या होत्या का?

डिसेंबरात तिनं त्या एकाच दिवशी मोजल्या. आम्लता सारखी निघाली. तिनं द्रावणं नवी केली, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. हताश होऊन बसली असता तिची नजर खिडकीतल्या झाकून ठेवलेल्या कूलरवर गेली. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत चिवड्याची ताटली कुणी ठेवत नाही, ती घटकेत सादळते. ती स्वतः घरी पापडाचा डबा दरवर्षी आतल्या खोलीत हलवायची. आणि इथे मात्र भट्टीतून काढलेली कोरडी ठाक भुकटी त्याच ओल्या वाऱ्यात तोलत बसली होती.

तिनं टाकी भरली, अंगाला शाल गुंडाळली आणि भर थंडीत कूलर सुरू केला. शिपाई मॅडमना वेड लागलं असं समजून हसत निघून गेला. दात वाजत असताना तिनं आपली नवी, गुणाची भुकटी तोलली. लाल रंग फिका आला आणि लगेच गेला. आम्लता निम्म्यावर. हवेतल्या पाण्यानं भुकटीवरच्या आम्लाच्या जागा आधीच अडवल्या होत्या, अमाइनला उरलं होतं काय?

कोहळे सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही घाई होती, आणि वाईट माणूस नव्हता तो. लेख मागे घेऊ, म्हणाले, पण प्रबंध आहे तसाच जाऊ दे. नवा विषय, नवा गाइड आता कुठून आणणार? कूलरचं कुणाला माहीत आहे?

"मले मालूम हाय ना, सर," ज्योत्स्ना म्हणाली.

प्रबंध गेला नाही. तिला थोर वगैरे वाटलं नाही. घरी येऊन भाजी निवडताना ती ढसाढसा रडली. कैलासला एवढंच सांगितलं की सर निवृत्त होताहेत म्हणून काम अडलं. खरं सांगायला तोंड उघडायची, आणि त्याचे पत्र्यानं कापलेले हात दिसले की मिटायची.

होळीनंतर ती मुलांचं प्रॅक्टिकल घेत असताना तो नव्या ताट्या खांद्यावर घेऊन आला. दुकानात गर्दी असताना आला. जुन्या ताट्या काढल्या, टाकी घासली, पाणी सोडलं. वाळ्याचा वास खोलीभर झाला. मग त्यानं कूलरच्या पट्ट्या नीट तिच्या तराजूकडे वळवल्या.

"सर चालले तं चालले," तो म्हणाला. "तू आपली मोजत राह्यजो. गरमीनं तं नाई अडणार तुयं काम."

ती बरं म्हणाली, आणि तो जाईपर्यंत त्या वाऱ्यात बसून राहिली.