व्यंकोबा आचाऱ्याची हातभर टोपी

कुंभकोणात घाम पुसायला पंचा पुरत नाही, तिथं लोकरीची टोपी कोण घालणार? पण धनुर्मास लागला की ह्या गावाला थंडीचं सोंग येतं. पहाटे पाचला विठोबाच्या मठातून भजन निघतं, आणि कावेरीवरचा गारवा अंगाला लागला न लागला तोच म्हातारे हजर होतात ते कानांना पंचे, मफलर, कुणी तर सुनेची शालसुद्धा गुंडाळून. थाट असा की जणू हिमालय चढायला निघालेत. सात वाजता हेच सगळे उघड्या अंगानं ओसरीवर बसून कॉफी पीत असतात.

ह्या भजनाच्या शेपटाला व्यंकोबा आचाऱ्याची मंगला चालायची. वय वर्षं सात. भक्तीबिक्ती काही नाही हो. भजन संपलं की मठात गूळभाताचा गोड पोंगल मिळे, तो तिच्या बापानं केलेला असे, म्हणून पहिला द्रोण आपला, असं तिचं म्हणणं. पण गार वारा लागून दरवर्षी तिचे कान दुखायचे. आई कृष्णवेणी लसणीचं कोमट तेल कानात सोडायची, "उद्या अंथरुणातून उठलीस तर बघ" म्हणायची, आणि पहाटे टाळ वाजले की पोरगी रस्त्यावर!

व्यंकोबा तंजावरच्या मराठ्यांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. हाताला अशी चव की लग्नघरची माणसं पान उचलताना हळहळायची. चारशे पानांचं सांबार एकटा उतरवील, पण 'मीठ बरोबर आहे का' हे जन्मात कुणाला विचारणार नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असा त्याचा स्वभाव. कृष्णवेणी म्हणायची, "ह्यांच्या तोंडात वाल घातले तर मोड येतील, पण शब्द बाहेर यायचा नाही."

चोपन्न सालच्या वैशाखात शेषाद्रीरावांनी त्याला बद्रीकेदारच्या यात्रेला नेलं. शेषाद्रीराव दरवर्षी चाळीसेक माणसं घेऊन निघत, त्यांत निम्म्याहून अधिक विधवा म्हाताऱ्या. बाहेरच्या हातचं त्या पाणी पीत नसत, म्हणून यात्रेला देव एक वेळ नसला तरी चालेल, पण आपला आचारी हवाच. निघताना मंगलानं बापाचा पंचा धरला. "अप्पा, बर्फ आणा."

"विरघळेल ग वाटेत."

"मग कानाला काहीतरी आणा."

तेवढं त्यानं कबूल केलं.

वर डोंगरात गेल्यावर व्यंकोबाला कळलं की तिथं डाळ शिजता शिजत नाही. उंचीवर पाणी उकळतं, पण त्यात दम नसतो. खाली अर्ध्या तासात होणाऱ्या वरणाला तिथं दोन-दोन तास. एवढा वेळ नुसतं चुलीकडे काय बघायचं? म्हाताऱ्यांना पाठीवरच्या वेताच्या कंडीत बसवून नेणारा एक पहाडी गडी होता. तो ओझं उतरवलं की कमरेच्या दोन सुया काढून विणत बसायचा. पुरुषासारखा पुरुष, दाढीवाला, आणि विणतोय! व्यंकोबा दोन दिवस लांबून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं त्याच्यापुढे ऊन ऊन रव्याचा लाडू ठेवला आणि स्वतःच्या कानांकडे बोट दाखवलं. पहाडी गडी हसला. भाषा एकाची एकाला कळत नव्हती, पण लाडू कळला. केदारला पोचेपर्यंत व्यंकोबा सुलट-उलट टाके शिकला, आणि परतीच्या वाटेवर त्यानं तपकिरी लोकर घेऊन टोपी विणायला घेतली. खाली कान झाकणारी पट्टी, वर माथा. मंगलाच्या डोक्याचं माप त्याच्या तळहाताला पाठ होतं. रोज तिला तेल लावणारा तोच होता.

केदार करून मंडळी चमोलीला आली. तिथं टपाल मिळायचं. शेषाद्रीरावांनी कचेरीतून सगळ्यांची पत्रं आणली आणि नदीकाठी धोंड्यावर बसून नावं वाचून वाटायला लागले. व्यंकोबा वरच्या अंगाला चूल मांडत होता. त्यानं पाहिलं: शेषाद्रीरावांनी एक कार्ड हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्याचे बारीक बारीक तुकडे केले, अलकनंदेत सोडले, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तशा गार पाण्यात बुडी मारली.

असलं कार्ड कसलं असतं हे सांगायला पंडित लागत नाही. अशुभाचं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. चाळीस माणसांपैकी कुणाचंही असेल, व्यंकोबानं मनाशी म्हटलं. वीस-बावीस तर म्हाताऱ्याच आहेत, प्रत्येकीचं गोत एवढं मोठं.

पण त्या दिवशी शेषाद्रीराव, ज्यांनी जन्मात इकडची काडी तिकडे केली नव्हती, ते चुलीपाशी आले आणि त्याच्याशेजारी बसून दुधी चिरायला लागले. "दमला असशील व्यंकोबा," म्हणाले. वर मान काही केली नाही. फोडी एक जाड, एक पातळ.

व्यंकोबानं विचारलं नाही. 'कुणाचं कार्ड हो?' एवढे तीन शब्द. ते त्याच्या घशापर्यंत आले आणि त्यानं ते वरणाच्या घोटासारखे गिळले. सुतक ऐकल्यावर लागतं. कानावर पडेपर्यंत माणूस शुद्ध असतो, त्याच्या हातचं अन्न चालतं. शेषाद्रीरावांनी ह्याच आधारावर तोंड मिटलं, हे उघड आहे. पोर गेल्याचं कळलं तर आचारी डाव टाकून घराकडे पळणार, आणि डोंगरात चाळीस माणसं उपाशी. व्यंकोबानंही त्याच आधाराला धरून कान मिटले. फक्त त्याला सुतकाची फिकीर नव्हती. त्याला मंगला हवी होती.

तिथपासून टोपीचं काय झालं पाहा. माथ्यापाशी आल्यावर टाके कमी कमी करत मिटवायचे असतात. सुई तिथं आली की हा थबके. टोपी पुरी झाली म्हणजे ती कुणाच्या डोक्यावर घालायची, हे बघावं लागणार. मग तो आणखी एक फेर विणी, आणखी एक. बद्रीला वीतभर जास्त झाली. हरिद्वारला तपकिरी लोकर संपली, तर त्यानं राखाडी घेतली. काशी गेली, मद्रास गेलं, आगगाडीत मांडीवर लोकरीचा गुंडा ठेवून हा विणतोच आहे. म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "अय्यो, पोरीची टोपी की हत्तीच्या सोंडेची खोळ!" शेषाद्रीराव तेवढे हसत नव्हते.

कुंभकोणाच्या फलाटावर उतरल्यावर त्यांनी व्यंकोबाचा हात धरला आणि सांगितलं. ज्येष्ठात ताप येऊन मंगला गेली. व्यंकोबा मटकन खाली बसला. ठाऊक असलेली गोष्ट ऐकल्यावरही माणूस असा कोसळतो, हे त्याचं त्यालाही नवल वाटलं.

घरी कृष्णवेणीनं त्याच्या पिशवीतून ती हातभर टोपी काढली. सुया तशाच अडकलेल्या, माथा उघडा. ती टोपी छातीशी धरून ती जी रडली ती आळी अजून विसरलेली नाही. आणि रडून झाल्यावर तिनं तीच टोपी हातात घेऊन शेषाद्रीरावांच्या दारात ठाण मांडलं. "बघा हो सगळे! मेलेल्या पोरीसाठी माझा माणूस टोपी विणत होता, आणि ह्या चांडाळानं कार्ड नदीत सोडलं! काय म्हणून? ह्याच्या यात्रेकरूंच्या पोटाला वेळेवर वरणभात पडावा म्हणून!"

टोपी तिनं दारोदार दाखवली. पुरावाच तो, तिच्या माणसाच्या भोळेपणाचा. आणि व्यंकोबा घरात भिंतीला टेकून ऐकायचा. कुणी म्हणालं, "बिचारा, त्याला टोपी मिटवायलासुद्धा कुणी शिकवलं नाही," की ह्याच्या अंगावर काटा यायचा. खाई त्याला खवखवे. शेषाद्रीरावांचा शब्द गावात कुणी घेईना. यात्रा बंद पडल्या. भजनात लोक त्यांच्यापासून हातभर लांब चालू लागले. त्यांनी कधी उलट शब्द काढला नाही, कारण आपण केलं ते केलं, असं ते मानत. व्यंकोबानं पाहिलं होतं हे त्यांना कुठं ठाऊक होतं? एक वाक्य बोललं असतं तर म्हाताऱ्याचं निम्मं ओझं उतरलं असतं. पण ते वाक्य बोललं की कृष्णवेणीच्या डोळ्यांत आपण कोण उरणार? पोर तर गेलीच होती. बायकोच्या मनातला चांगला माणूस तेवढा शिल्लक होता, आणि व्यंकोबा त्याला जिवापाड जपत होता. अडीच वर्षं!

छपन्न सालचा धनुर्मास. शेषाद्रीराव पोंगलच्या सणानंतर कायमचे लेकाकडे मद्रासला जाणार होते. एके पहाटे भजन व्यंकोबाच्या घरापाशी आलं आणि एरवी खाली मान घालून पुढे सरकणारे शेषाद्रीराव दारात थांबले. मठातला पोंगल उतरवून व्यंकोबा अंघोळीला घरी आला होता. तो ओल्या पंच्यानं ओसरीत, कृष्णवेणी रांगोळीपाशी.

"वेणीबाई," म्हातारा म्हणाला, "जातो आहे. मज एकदा क्षमा कर."

ती आत गेली, टोपी घेऊन आली आणि त्यांच्या पायांपाशी फेकली. "ही घाला. माझ्या पोरीचं डोकं राहिलं नाही, तुमचं तरी आहे."

टाळ थांबले. शेषाद्रीराव गुडघ्यांवर हात देत खाली बसले, टोपी उचलली आणि डोळ्यांना लावली. एवढा मोठा माणूस, ओल्या रांगोळीत बसलेला! व्यंकोबाला ते बघवेना.

"त्यांना सोड वेणी," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"कार्ड फाडताना मी पाहिलं. बुडी मारताना पाहिलं. दुधी चिरायला आले तेव्हा कळलं. टोपी मला मिटवता येत होती ग. मी मिटवली नाही."

शेषाद्रीरावांनी वर पाहिलं. "पाहिलंस? मग मला विचारलं का नाहीस रे?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

कृष्णवेणीनं आत जाऊन दार लावून घेतलं. भजन कसंबसं पुढे गेलं.

ती आधी शेषाद्रीरावांच्या घरी जाऊन आली. तिथं बराच वेळ होती. त्यांना न्यायला आलेल्या सुनेनं दिलेली कॉफीसुद्धा प्यायली म्हणे, म्हणजे तंटा मिटला. टोपी म्हाताऱ्यापाशीच राहिली. परत आल्यावर दुपारी ती मागच्या अंगणात गेली. व्यंकोबा विहिरीच्या काठाला टेकून सकाळपासून बसला होता. आता ही माहेरी जाते, की आपल्याला घराबाहेर काढते, ह्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

"देवासारख्या माणसाला माझ्या तोंडून शिव्या खायला लावल्यात," ती म्हणाली. "आणि मी वेडी, ती चिंधी गावभर मिरवत होते."

तो पोहऱ्याचा दोर बोटांना गुंडाळत राहिला.

"तुम्हाला न विचारायची सोय होती. मला कुठं होती? तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं." तिचा आवाज फुटला. "मलाही कुणी लांब नेलं असतं तर मीही विचारलं नसतं. तेही सोडा. पण घरी आल्यावर? अडीच वर्षं एका छपराखाली राहतो आपण. माझी पोर कशी गेली, हे तुम्ही मला एकदा विचारलं नाहीत. एकदा! सगळं एकटीनं पोटात घेऊन बसले मी."

व्यंकोबानं पंच्यानं तोंड पुसलं. उठला, तिच्यासमोर येऊन पायरीवर बसला. ओठ दोनतीनदा हलले.

"वेणी, कशी गेली ग?"

ती त्याच्याशेजारी बसली.

"सोमवार होता," ती म्हणाली. "सकाळी ताप उतरला होता. मला म्हणाली, भूक लागली. मी मऊ भात टाकला."

"मग?"

"दोन घास खाल्ले. तुमच्यासारखा झाला नाही म्हणाली."

तो हुंदका देऊन हसला, आणि तीही. मग ती थांबली, कारण पुढचं सांगायचं तर दुपार सांगायला हवी होती, आणि ती दुपार तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"मग?" व्यंकोबानं विचारलं.