निरोपाच्या रात्रीचं रडणं

आमच्या आयरिश साहेबांनी मला फुजैराहून दुबईला त्यांच्या देशाचं प्रदर्शन बघायला नेलं. सातवीत शाळा सोडलेल्या फिटरला कोण असं नेतं? जहाजाने अमेरिकेला गेलेल्यांचे फोटो होते. साहेब सांगत होते, पोरगा निघायच्या आदल्या रात्री घरचे मयतासारखे रडायचे, कारण परत कोणी यायचं नाही.

मला त्या पोरांचा हेवाच वाटला. तिथूनच रत्नागिरीला बायकोला फोन लावला.

“कंपनी माणसं कमी करतेय. कायमचा येऊ का घरी?”

“आत्ता? अहो, पोरीचं लग्न तुमच्या गल्फच्या नोकरीवर ठरलंय. लोकांना काय सांगू? तिथंच बघा काहीतरी.”

जेवलात का, हेही विचारलं नाही. मी साहेबांना गाठलं.

“सर, प्लीज, मला कामावरून काढू नका.”