चोवीस तासांचं कलम

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कलमबाई ती चढल्याच नाहीत. सव्वीस वर्षं त्या पायरीच्या खाली, पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून बसल्या. टेबलावर टाईपरायटर, एका वेळी चार कागद, मध्ये तीन कार्बन, आणि उजव्या अंगठ्याला कायमचा निळा डाग. त्यांचं खरं नाव आईला आणि मतदारयादीला तेवढं ठाऊक. वकिलांनी कलमबाई हे नाव पाडलं, कारण राज्यघटनेतली कलमं त्यांना तोंडपाठ होती. नवशिका वकील अर्जाचा मजकूर सांगू लागला की बाईंची बोटं त्याच्या पुढे पळत आणि वर बाई विचारत, "साहेब, अटकेचं कलम राहिलं की! घालू ना?"

अटकेचं कलम त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं. कुणालाही अटक केली तर त्याला कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं. सरकार कितीही मोठं असलं तरी या एका वाक्यापुढे त्याला घड्याळ बघावं लागतं, असं त्या रडत आलेल्या बायकांना समजावून सांगत. आणि खरंच, कितीतरी पोरं त्या अर्जांवर घरी परतली होती. त्यामुळे याला नुसता भाबडेपणा म्हणता येणार नाही. रोज ज्या गोष्टीला हात लागतो तिच्यावर माणसाचा जीव जडतोच.

त्यांचा भाऊ त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा त्याला अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. तो नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. खालच्या वस्तीत पोरं आजारी पडू लागली, तेव्हा त्याने नळाचं पाणी तपासलं आणि ते पिण्यालायक नाही असा अहवाल दिला. वरच्या साहेबाने त्यावर 'पाणी शुद्ध' असं लिहून सही ठोकली. बहिणीच्याच हाताखाली वाढलेला तो; त्याने आपल्या अहवालाची प्रत प्रयोगशाळेच्या फाटकावर चिकटवली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतली दोन माणसं त्याची चौकशी करून गेली.

"ताई, मी चार-आठ दिवस मावशीकडे जाऊन राहतो," तो घरी येऊन म्हणाला. "निवळलं की येईन."

"पळायला तू काय चोर आहेस? पळालास की त्यांच्या हाती आयतं कोलीत दिल्यासारखं होईल. आपण होऊन ठाण्यात जायचं. अटक केली तर करू दे. चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावंच लागेल त्यांना."

"त्या दोघांनी वाचलंय का तुझं कलम?"

"त्यांनी नसेल. न्यायाधीशाने वाचलंय."

आई शेंगा सोलत बसली होती. "जाऊ दे ना गं त्याला मावशीकडे," ती म्हणाली. ताईने नकाराची मान हलवली. ताईने मान हलवली की त्या घरात विषय संपायचा. भाऊही हसला आणि म्हणाला, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्याला ठाण्यात नेलं. डबा भरून दिला होता, इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता. आतले अधिकारी अगदी अदबीने उठले. "बरं झालं, आपण होऊन आलात. दोन प्रश्न विचारायचेत फक्त. बाई, तुम्ही जा कामावर." तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाईंनी वेळ चिठ्ठीवर टिपून घेतली. भावाने दारातल्या हवालदाराशेजारून हात हलवला आणि त्या कामावर गेल्या. त्या दिवशी त्यांनी चार अर्ज टाईप केले, आणि त्यांचं मन शांत होतं. ती शांतता त्यांनी पुढे स्वतःला कधीच माफ केली नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजल्यापासून त्या कोर्टाच्या दालनाबाहेर बाकावर बसल्या. दहा वाजून दहा मिनिटं झाली. अकरा वाजले. चोर आले, भांडकुदळ नवरे आले, भाऊ आला नाही. कोर्ट उठलं तशा त्या धावत ठाण्यात गेल्या.

"कोण भाऊ?" कालच्याच हवालदाराने विचारलं. त्याने नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. कालच्या पानावर एक हरवलेली सायकल होती, एक मारामारी होती. भावाचं नाव नव्हतं.

"मी स्वतः आणून सोडलं त्याला! चोवीस तास होऊन गेले!"

"बाई, अटकच झाली नाही, तर चोवीस तास मोजायचे कुठून?" हवालदार म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. लहान मुलाला गणित समजावावं तसं सांगत होता. घड्याळ सुरू करायची किल्ली पोलिसांच्याच खिशात असते, हे सव्वीस वर्षांत बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग कागदी घोडे निघाले. ज्यांचे शेकडो अर्ज बाईंनी टाईप केले, त्यांच्यातलेच एक म्हातारे वकील भावाला कोर्टापुढे हजर करण्याच्या अर्जासाठी पुढे झाले. "घरातून उचलून नेला असं लिहा," ते म्हणाले. "आपण होऊन गेला असं लिहिलंत, तर आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्याल."

"शपथेवर लिहायचंय, साहेब. खोटं कसं लिहू? त्यांनी खोटं करायचं, आपण नाही."

अर्ज त्यांनीच टाईप केला. 'बेपत्ता इसमाचे नाव' या ओळीपाशी बोटं अडली. तीनदा कागद बदलावे लागले. अटकेचं कलम मात्र एकाही चुकीशिवाय उतरलं.

आठ महिने तारखा पडल्या. सरकारी वकिलांनी दोन ओळींचं उत्तर दिलं: सदर इसम आपण होऊन आला, विचारपूस झाल्यावर अर्ध्या तासात निघून गेला, आपण होऊन आल्याचं तर अर्जदार बाईही मान्य करतात. अधिकाऱ्यांनी कानावर हात ठेवले. न्यायाधीश वाईट नव्हते. त्यांनी नोंदवही मागवली, ते ठाण्याच्या लोकांवर डाफरले, घटनेतलं ते वाक्य भर कोर्टात मोठ्याने वाचून दाखवलं. पण नोंदवहीत जे नाही ते त्यांना तरी कुठून दिसणार? निकाल पाच पानांचा लागला. पहिली चार पानं माणसाच्या स्वातंत्र्यावर होती, आणि इतकं सुंदर बाईंनी जन्मात टाईप केलं नव्हतं. पाचव्या पानावर लिहिलं होतं, की तो ठाण्याच्या ताब्यात होता हे सिद्ध होत नाही, सबब अर्ज निकाली.

त्या घरी पोहोचल्या तेव्हा आई दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

"तो त्यांच्याकडे नाही म्हणाले. निघून गेला म्हणाले."

"कुठे?"

"ते नाही लिहिलं, आई."

आई आत जाऊन खाली बसली. कलमबाई तिच्यापुढे बसल्या आणि आठ महिने मनात दाबलेलं बाहेर पडलं. "मीच नेऊन दिलं गं त्याला. माझ्या हाताने. तो येत नव्हता. मला बोल काहीतरी. मार मला."

आईने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "तुला कशाला मारू? तू त्या लिहिलेल्यावर विश्वास ठेवलास, त्याने तुझ्यावर ठेवला. पण पोरी, त्याची यात काय चूक झाली, तेवढं मला सांग. तुला सगळं येतं ना, सांग मला."

शेकडो लोकांना उत्तरं देणाऱ्या बाई आईच्या मांडीवर डोकं टेकून लहान मुलीसारख्या मोठमोठ्याने रडू लागल्या. आई त्यांच्या पाठीवर थोपटत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "सांग ना गं."